तीस झाल्याशिवाय उघडू नये

२ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. आधी हे सांगते की घरात कुणी आजारी नाही. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तुला पहिली तीच शंका येते, म्हणून.

मी एक ब्लॉग काढते आहे. ब्लॉग म्हणजे संगणकावरची वही, कुणालाही वाचता येणारी. माझी वही शिवणाच्या सामानाची. कुठली कात्री घ्यावी, कुठली सुई मोडते, कुठल्या धाग्याचा रंग पहिल्या धुण्यात जातो. मी दहा वर्षांची होईपर्यंत तू मला शाळेऐवजी तुझ्या दुकानात, बेतायच्या टेबलाखाली बसवून शिकवलंस. मला दुसरं येतं तरी काय? प्रत्येक लेखाच्या शेवटी मी दुवा देते. त्यामुळे कुणी वस्तू घेतली, तर दुकानदार मला थोडी दलाली देतो. घेणाऱ्याला काही जास्त पडत नाही. हे सगळं मी लेखाच्या वर स्वच्छ लिहिलेलं आहे.

अडचण अशी की, ब्लॉग लोकांसाठी उघडण्याआधी त्यात किती लेख असावेत हे कुणी एकमताने सांगत नाही. मी ज्यांचा वर्ग लावला आहे ते सर म्हणतात, तीस. त्याच्या आत उघडला तर रिकाम्या फडताळासारखा दिसतो. एक बाई म्हणतात शंभर. आणखी एक जण म्हणतो दहा पुरे, पण लांबलचक हवेत. माझे चार झालेत. मी प्रत्येक वस्तू पाच दिवस स्वतः वापरते आणि मग लिहिते, त्यामुळे वेळ लागतो.

आणि वेळ नाही. बाबांनी एप्रिलअखेरची मुदत दिली आहे. तुझा भाऊ बस आगारात वेळापत्रकं लावतो, त्यामुळे मुदत म्हणजे मुदत. तोवर एका तरी अनोळखी माणसाने माझ्या शब्दावर एक तरी वस्तू घेतली पाहिजे. नाहीतर एक मेपासून मी त्यांच्या मित्राच्या विमा कार्यालयात. खुर्ची तयार आहे, तिला चाकंसुद्धा आहेत. मला कामाची भीती नाही, आत्या. पण तिथे दिवसभर अनोळखी माणसांना "काळजी करू नका" म्हणायचं असतं, आणि ते मला तोंड वर करून म्हणता येणार नाही.

चारही लेख छापून सोबत पाठवते आहे. चुका लाल पेनाने दाखव. फोन करत नाही, कारण तू मशीन थांबवत नाहीस आणि मला निम्मंच ऐकू येतं. आणि तू सांग, किती?

तुझी भाची

९ मार्च

चि. मोजपट्टी,

अनेक आशीर्वाद. हे फुकट आहेत, याची नोंद घे.

तुझ्या पत्रासाठी मी मशीन थांबवलं, असं कळव तुझ्या बापाला. "लेखाच्या शेवटी दुवा देते आणि दुकानदार दलाली देतो." अगं, आपल्या घरात लोकांनी काय काय विकलं. तुझ्या आजोबांनी तर भाड्याच्या घराचा दरवाजा विकला होता. पण दुवा कुणी विकला नाही. कात्री घेणाऱ्याचं भलं होवो म्हणायचं आणि त्याचे पैसे दुकानदाराकडून उकळायचे? बरं, चारही लेख मी शेवटपर्यंत वाचले. दुवा कुठेही नाही. खाली निळ्या अक्षरात "इथे पाहा" एवढंच. म्हणजे पैसे घेऊन तोही देत नाहीस.

आता लेख. कात्रीवर सहा पानं लिहिली आहेस. त्यात पोलादाचे प्रकार आहेत, कात्रीचा इतिहास आहे, तू दोनदा माफी मागितली आहेस. कात्री घ्यावी की नाही, ते मात्र नाही. गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला आलं की मी त्याला कापसाचं झाड दाखवते का? चौथ्या पानाच्या तळाशी एक वाक्य सापडलं, "ही कात्री डावखुऱ्यांच्या अंगठ्याला काचत नाही." ते उचल आणि पहिल्या ओळीत ठेव. मी डावखुरी आहे. चाळीस वर्षं माझा अंगठा काचतो आहे, आणि माझी भाची मला ही बातमी चौथ्या पानावर देते.

किती, म्हणून विचारतेस. मी दुकान उघडलं त्या दिवशी काचेत एकच कोट टांगलेला होता आणि त्याला उजवी बाही नव्हती. एक बाई आत येऊन म्हणाली, "बाही कुठाय?" म्हटलं, "शिवतेय. बसा." ती बसली, आणि बाही होईपर्यंत तिने स्वतःच्या दोन झग्यांची मापं दिली. दोन बाह्या होईपर्यंत थांबले असते तर ती दुसऱ्या गल्लीत गेली असती.

पण हे तुला पटायचं नाही. तुला आकडा हवा असतो. लहानपणी विचारायचीस, "आत्या, किती वेळा हात धुतले की स्वच्छ होतात?"

तुझी आत्या

१७ मार्च

ती. आत्या,

दुवा म्हणजे आशीर्वाद नव्हे गं. दुवा म्हणजे जोडणारा धागा. त्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की माणूस थेट दुकानात त्या वस्तूपुढे पोचतो. अख्खं जग त्याला लिंक म्हणतं. मी दुवा म्हणते, कारण "मराठी शब्द असताना उसना कशाला" असं मला शिकवणारी बाई तूच. म्हणजे चूक तुझ्या शाळेची.

तरी तुझं पत्र वाचून मी माझीच ओळ पुन्हा वाचली. "या लेखातल्या दुव्यांसाठी मला दलाली मिळते." माझी पाचावर धारण बसली. हे वाचून लोकांनी मला काय समजलं असतं? सगळीकडे लिंक करून टाकलं आहे.

कात्रीचं वाक्य पहिल्या ओळीत आणलं. इतिहास काढला. एक माफी ठेवली आहे.

आता नऊ लेख झाले. नवे पाच सोबत आहेत. मी हिशेब केला, दिवसांचा. एका वस्तूला पाच दिवस, दोन-दोन वस्तू एकदम तपासल्या तरी तीस व्हायला मेचा मध्य उजाडेल. सरांना विचारलं. ते म्हणाले, "वस्तू हातात घ्यायची गरजच काय? दुकानाच्या पानावर माहिती असते, ती आपल्या शब्दांत फिरवून लिहा. एका दिवसात चार होतील." वर्गातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मी ते करणार नाही.

सोबत एक छोटं पाकीट आहे. त्यात माझ्या ब्लॉगचा परवलीचा शब्द आहे, आणि ब्लॉग कसा उघडायचा ते पायरीपायरीने लिहिलं आहे. तीस झाल्यावर ऐनवेळी घाबरून मी तो शब्द विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं, तर तो तुझ्याकडे असावा. पाकिटावर सूचना लिहिली आहे, ती कृपया पाळावी.

तुझी भाची

२८ मार्च

चि. मोजपट्टी,

आशीर्वाद. बसली आहेस ना? बस.

तुझा ब्लॉग परवा सकाळी उघडला. मी उघडला.

ओरडायच्या आधी पाकिटावर तू काय लिहिलं होतंस ते वाच. "तीस झाल्याशिवाय उघडू नये." मी टेबलावर तुझे सगळे कागद मांडले. पहिल्या खेपेचे तेरा, दुसऱ्या खेपेचे अठरा. झाले एकतीस. एक जास्तच. मग मी उघडलं. तीस काय, ते तू लिहिलेलंच नाहीस. संख्येपुढे नाम लिहावं, नाहीतर वाचणारा आपल्या सोयीचं नाम घालतो, हे मी तुला सहाव्या वर्षी शिकवलं होतं. तीन आंबे की तीन तास, आठवतं? तेव्हा रडली होतीस.

वाचनालयातल्या बाईंकडे संगणक आहे आणि माझ्याकडे त्यांचे न शिवलेले पडदे आहेत, त्यामुळे त्या मदतीला तयार होत्या. तुझ्या पायऱ्या इतक्या नीट लिहिलेल्या होत्या की सातव्या पायरीवर "आता एक दीर्घ श्वास घ्यावा" होतं, तोसुद्धा आम्ही घेतला. मग "सगळे निवडा", मग "प्रसिद्ध करा". काही फुटलं नाही. बाई म्हणाल्या, "एवढंच?" मी म्हटलं, "माझ्या भाचीला ह्याला दोन महिने पुरले नसते."

तुझ्या हातून महिनाभर होणार नव्हतं ते झालं आहे. आता रागव.

तुझी आत्या

ता. क. परवलीचा शब्द म्हणून माझं दुकानातलं टोपणनाव ठेवलंस, ते वाचून मी बाईंसमोर लाजले.

२ एप्रिल

आत्या,

नमस्कार लिहीत नाही.

तू कागद मोजलेस, पण लेख मोजले नाहीस. तुझ्याकडे नऊ होते. ब्लॉगवर दहा आहेत.

दहावा मी तुला पाठवला नव्हता. सरांचं बोलणं ऐकून मी "ते करणार नाही" असं तुला लिहिलं खरं, पण त्याच आठवड्यात एकदा करून पाहिलं. इस्त्रीचं घडीचं टेबल. मी ते कधी पाहिलेलं नाही, हात लावलेला नाही. दुकानाची माहिती फिरवून लिहिली, अर्धा तास लागला, आणि सगळ्यांत सफाईदार लेख तोच झाला. एकही माफी नाही. मला त्याची इतकी लाज वाटली की तो पुसवेना आणि दाखववेना. मसुद्यांत तसाच पडून होता. तू "सगळे निवडा" केलंस आणि तोही बाहेर पडला.

आणि वाचला गेला तोच. त्याच्याखाली एका बाईंनी विचारलं आहे, "मला गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही. खुर्चीत बसून इस्त्री करता येईल इतकं हे टेबल खाली येतं का?" मी लेखात लिहिलं आहे, "सर्व उंचीच्या व्यक्तींना सोयीचे." ते कुणी मोजलं? मी नाही. बहुतेक दुकानानेही नाही.

ही माझी पहिली वाचक, आत्या. अगदी अनोळखी. "हो, येतं" एवढं लिहिलं तर ती घेईल, बाबांची अट पुरी होईल आणि विमा कार्यालय टळेल. मी तीनदा "हो" लिहिलं आणि तीनदा खोडलं. दुसरा मार्ग म्हणजे लेख गुपचूप काढून टाकायचा. ती म्हणेल, कुठे गेला बरं, आणि विसरून जाईल.

तुझ्यामुळे हे झालंय. सांग आता, काय करू?

भाची

८ एप्रिल

चि. बाळ,

पाकीट उघडलं त्याचं मला वाईट वाटत नाही. आत काय आहे ते न पाहता सगळं बाहेर ओढलं, त्याचं वाटतं. गिऱ्हाईकाचा कोट धुवायला टाकताना मी खिसे तपासते, आणि तुझे तपासले नाहीत. त्याबद्दल कान धरते. डावा.

आता त्या बाई. गुपचूप काढून टाकायचं म्हणतेस. मी एकदा एका लग्नाच्या सुटाची पाठ उलटी शिवली. गिऱ्हाईक घ्यायला आलं तेव्हा सांगता आलं असतं, अजून तयार नाही, उद्या या. मी त्याच्यासमोर कोट पसरला, चूक दाखवली आणि त्याच्यासमोरच उसवायला बसले. तो चिडला, पाणी प्यायला, मग शेजारी बसून दोरे वेचायला लागला.

उत्तर आधी दे, लेख मग काढ. आणि उत्तर आखूड लिही. तुझी माफी सुरू झाली की माणसाला मूळ भांडण आठवेनासं होतं.

तुझी आत्या

१६ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार परत सुरू.

आधी पान-दीड पान लिहिलं, मग तुझं ऐकून एवढंच ठेवलं: "मला माहीत नाही. हे टेबल मी वापरलेलं नाही. लेख दुकानाच्या माहितीवरून लिहिला होता, ते चुकलं. लेख काढून टाकते आहे, हे उत्तर इथेच ठेवते." बटण दाबलं आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. "बरं. मग वापरून सांगा. मी थांबते."

थांबते म्हणाल्या, आत्या. माझ्यासाठी आजवर फक्त रिक्षावाला थांबलाय, आणि तोही मीटर चालू ठेवून. मी ते टेबल मागवलं आहे.

आता दुसरी गोष्ट. काल एक कात्री विकली गेली. माझी पहिली विक्री. कोणी घेतली ते मला दिसत नाही, फक्त वस्तू दिसते. मी बाबांना सांगायला निघालेसुद्धा होते. दारापर्यंत गेले आणि थबकले. कात्री डावखुऱ्यांची आहे. मी शांतपणे विचारते. तू घेतलीस का?

तुझी भाची

२० एप्रिल

चि. मोजपट्टी,

जगात डावखुरी माणसं पुष्कळ आहेत.

हो, मी घेतली. वाचनालयातल्या बाईंच्या संगणकावरून. तुला मदत म्हणून नव्हे, ती पहिली ओळ वाचून राहवलं नाही. अंगठा काचत नाही, हे खरं लिहिलं आहेस. पात्याला तेल द्यावं लागतं, ते लिहिलेलं नाहीस. लिही.

बापाला सांगायची काही गरज नाही. त्याने अनोळखी म्हटलंय ना? गेली दहा वर्षं तो मला नीट ओळखतो असं मला तरी वाटत नाही.

तुझी आत्या

१ मे

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. हे पत्र मी घरून लिहिते आहे, त्यावरून काय ते समज. पण सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मलाच चैन पडायचं नाही.

तुझी कात्री मी धरली नाही. दुकानाच्या अटींत कलम आहे की नातेवाइकांची खरेदी चालत नाही. मी त्यांना तसं कळवलं. त्यांच्याकडून उत्तर आलं की असं कळवणारी मी पहिलीच, आणि यावर काय करायचं ते वरिष्ठांना विचारावं लागेल. तेलाचं वाक्य मात्र घातलं.

टेबल आलं. मी पाच दिवस खुर्चीत बसून इस्त्री केली. पहिल्या दिवशी माझे कपडे संपले. दुसऱ्या दिवशी चादरी आणि पडदे. मग आईच्या ओढण्या, मग बाबांचे शर्ट, जे आजवर उशीखाली ठेवून सरळ व्हायचे. टेबल सगळ्यांत खाली आणलं तरी माझ्या गुडघ्यांच्या बरंच वर राहतं. कोपर खांद्याला आलं आणि तिसऱ्या दिवसापासून मान अवघडली. शिवाय खालच्या खाचेत ते डुलतं. सगळं मापासकट लिहिलं आणि पहिली ओळ ठेवली, "बसून इस्त्री करायची असेल तर हे घेऊ नका." त्या बाईंनी लगेच लिहिलं, "नाही घेत. वाचले मी."

काल तीस तारीख. संध्याकाळी बाबा आगारातून आले, बूट काढले आणि म्हणाले, "हं. झाली का विक्री?"

मी म्हटलं, "नाही."

"एकही नाही?"

"एक झाली होती, पण ती आत्याची. धरायची नाही."

"बरोबर. धरायची नाही." ते कॅलेंडरकडे वळले. मी म्हटलं, "एका बाईंनी मात्र माझ्या शब्दावर वस्तू घेतली नाही."

त्यांना वाटलं मी चुकून बोलले. मग मी संगणक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सगळं वाचलं. त्या बाईंचा प्रश्न, माझं "मला माहीत नाही", "मी थांबते", सगळं. बाबा वेळापत्रक तपासतात तसं वाचतात, बोट ओळीखाली ठेवून. शेवटी म्हणाले, "ही घेणार होती?"

"हो."

"आणि तू नको म्हटलंस म्हणून नाही घेतलं?"

"हो."

"मग आता ती कशावर इस्त्री करणार?"

"अजून दोन टेबलं बघायची आहेत. खाली येणारी."

"किती दिवस?"

आत्या, मी इतकी वर्षं हा प्रश्न लोकांना विचारत आले, आणि त्या क्षणी मला आकडाच सुचला नाही. म्हटलं, "होईपर्यंत." मग भीती वाटली म्हणून पुढे बोलत सुटले. ब्लॉगवर आता चुकीचा लेख वगळून दहाच आहेत. सरांनी वर्गात दिलेली तीस विषयांची यादी मी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लोकांचे प्रश्न लिहिते आहे. आतापर्यंत चार आलेत. एकाला जाड कापडाची सुई हवी आहे, एका आजोबांना सुईत दोरा ओवता येत नाही. विचारलेलं आधी लिहायचं, बाकीचं मग. किती होतील ते मला सांगता येत नाही.

बाबांनी उठून फोन लावला. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि शर्टाची ती घडी, मी घातलेली. मित्राला म्हणाले, "ती खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. हिच्यामागे काम आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबा म्हणाले, "लोकांना घेऊ नका म्हणून सांगते. नाही, पगार नाही. अरे, मलाही नीट कळलेलं नाही, पण एक बाई थांबली आहे."

मग आत गेले आणि हिवाळ्याचे दोन कोट, तीन पँटी आणि आगाराच्या गणवेशाचा अख्खा गठ्ठा घेऊन आले. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "दुसरं टेबल कधी येतंय?"

तुझी भाची